प्रतिसाद : दूधसागर हो, क्रूझ नको

गोव्यात चार जणांच्या बजेटमध्ये दूधसागर धबधब्याची जीप आणि मांडवी नदीतली संध्याकाळची क्रूझ, दोन्ही घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: जीप घ्या, क्रूझ सोडा.

कुळेहून निघालेली जीप अभयारण्यातून ओढे पार करत जाते आणि शेवटचा टप्पा दगडांवरून चालत गाठावा लागतो. ते पैसे वसूल होतात, पण पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये गेलात तर. एप्रिलमध्ये धार इतकी बारीक होते की तेव्हा मी पाहुण्यांना मुळीच पाठवत नाही. जीपमध्ये सात जण बसतात, त्यामुळे आणखी तिघं मिळाले तर खर्च वाटला जातो.

आणि त्याच बाजूला गेलाच आहात, तर तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर चुकवूच नका! कदंब राजघराण्याच्या काळातलं, बाराव्या शतकाच्या आसपासचं, काळ्या बेसॉल्टचं बांधकाम. मंडपात शीर नसलेला नंदी आहे. मान वर करून छतावरचं कोरीव कमळ बघा, आणि एका खांबाच्या तळाशी घोड्याला पायाखाली तुडवणारा हत्ती शोधा, मुलांना फार आवडतो. तिकीट नाही.

नदीच बघायची, तर जुने गोव्याहून दिवाडी बेटाची फेरीबोट धरा. पायी जाणाऱ्याला फुकट, क्रूझवरचा डीजेचा गोंगाट नाही. तिथल्याच बॉम जेझस चर्चलाही प्रवेशशुल्क नाही, ते त्याच फेरीत उरकतं.