पालवा बंदरचं ताज : आतून पाहिलेलं, बाहेरून पाहिलेलं

मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या, म्हणजे पालवा बंदरच्या ताजमहाल हॉटेलबद्दल बोलायला बसलं की लोक एकतर तिथे कोण कोण उतरलं होतं त्याची यादी देतात, नाहीतर चहाची किंमत. दोन्ही इथे नकोत. तुम्ही तिथे राहिला असाल, जेवला असाल, नोकरी केली असेल, मागच्या दाराने माल पोचवला असेल किंवा आयुष्यभर समोरच्या कठड्यावर बसून नुसतं बघितलं असेल, तर ते खाली प्रतिसादात लिहा. मुख्यतः जुन्या पॅलेसबद्दल. शेजारच्या टॉवरबद्दलही चालेल, पण माझा जीव जुन्यात.

सुरुवातीपुरतं थोडं सांगते. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं. तेव्हा समोर गेटवे नव्हता. तो १९२४ मध्ये पुरा झाला. म्हणजे आपण ज्याला 'गेटवेसमोरचं ताज' म्हणतो, ते खरं तर 'ताजसमोरचं गेटवे' आहे. १८९६ च्या प्लेगने मुंबईची रया गेली होती, आणि त्याच काळात जमशेटजी टाटांनी स्वतःच्या पैशाने हे काम अंगावर घेतलं. मे १९०४ मध्ये ते जर्मनीत वारले. हॉटेल सुरू झाल्यावर ते जेमतेम पाच महिने जगले. गोऱ्यांच्या वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. इतिहासकारांना ती फारशी मान्य नाही, मलाही पटत नाही. रागाच्या भरात माणूस फार तर भांडण काढेल, एवढं हॉटेल नाही काढणार.

आता तुमची पाळी.

मांडवेकर

आम्हा पलीकडच्यांसाठी ताज म्हणजे 'मुंबई आली'. लाँच मांडव्याहून सुटली की बराच वेळ नुसतं धुरकट दिसतं, मग तो तांबडा घुमट वर येतो आणि लोक पिशव्या आवरायला लागतात. घुमट २४० फूट उंच आहे, बंदरात शिरणारी जहाजं दिशा पक्की करायला त्याची खूण धरत आली आहेत. माझा काका लाँचवर सारंग, म्हणजे लाँच चालवणारा होता. प्रत्येक नव्या पाहुण्याला बोट दाखवून सांगायचा, "हे हॉटेल उलटं बसलंय. साहेबाने नकाशा दिला नि विलायतेला गेला. परत येऊन बघतो तर हॉटेलची पाठ समुद्राकडे! बिचाऱ्याने वरून उडी घेतली." लाँचवरच्या निम्म्या लोकांना ही गोष्ट पाठ असते. मी ती लग्नानंतर पहिल्याच फेरीत बायकोला सांगितली. ती म्हणाली, "पाठ एवढी देखणी, तर तोंड कसं असेल?" तेव्हापासून मी ती गोष्ट तिच्यासमोर काढत नाही.

नकाशेवाला

मांडवेकर, वहिनींना शंभर गुण. गोष्ट खोटी आहे. पहिली गोष्ट म्हणजे आराखडा साहेबाचा नव्हताच. तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, काम पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं. एका मराठी माणसाने हे शहराचं तोंड ठरवलं आणि आपण लाँचवर बसून त्याचं श्रेय एका उडी मारणाऱ्या काल्पनिक इंग्रजाला देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे दार. मूळ प्रवेश शहराच्या बाजूने होता, कारण घोडागाड्या तिकडूनच येणार. इमारतीचे दोन हात त्या बाजूला पसरलेले आहेत. गाड्या जिथे वळायच्या तिथे आज पोहण्याचा तलाव आहे. समुद्राकडची लांब बाजू खोल्यांना मिळाली. वारा तिकडून, देखावा तिकडे. यात उलटं काय आहे? दार समुद्राकडे नंतर आलं.

कॉलेजात असताना आमच्या सरांनी परवानगी काढून आम्हाला मधल्या जिन्यापाशी नेलं होतं. जमशेटजींचा पुतळा आहे तिथे. सर म्हणाले, "फोटो नंतर. आधी खाली उभे राहा आणि वर बघा." जिना वर वर जातो, पण त्याला मधे आधाराचा खांब नाही. तो बांधणाऱ्या कंत्राटदाराचं नाव खानसाहेब सोराबजी रतनजी काँट्रॅक्टर. (आडनावाला जागलेला माणूस.) आम्ही सगळे तोपर्यंत घुमट, राजस्थानी वळणाचे झरोके, इटालियन वळणाच्या कमानी असं शैलीशैलीने टिपून घेत होतो, सरांनी वही बंद करायला लावली आणि मजल्यामजल्यांच्या सज्ज्यांमधून हवा कशी वर जाते ते हात वर करून दाखवलं. एसी नसलेल्या काळातली इमारत अशीच वाचायची असते. पंखे अमेरिकन आणि लिफ्ट जर्मन आणली होती, विजेचे दिवेही होते, पण उकाड्यावरचा खरा इलाज उंच छत आणि रुंद व्हरांडा हाच.

पार्ल्याची मावशी

माझा 'बघण्याचा कार्यक्रम' ताजच्या सी लाउंजमध्ये झाला आहे. हसू नका. पारशी कुटुंबांत मुलामुलींनी पहिल्यांदा तिथे भेटायची जुनी रीत आहे, आमच्याकडे मात्र कोणी ऐकलीही नव्हती. मुलगा अमेरिकेतला, उतरला होता माहीमला काकांकडे, पण भेट त्याने पहिल्या मजल्यावरच्या त्या खिडकीत ठरवली. बाबांनी सफारी शिवून घेतला. आईचा आक्षेप वेगळाच होता: "आपण पोहे केले नाहीत, तर त्यांना आपलं घर कळणार कसं?"

खिडकीतून गेटवे, होड्या, कबुतरं दिसत होती. म्हणून मी मुलाकडे फारसं बघितलंच नाही. लक्षात राहिले ते वाढायला आलेले वयस्कर गृहस्थ. त्यांना हा सगळा प्रकार क्षणात कळला असणार, रोजचंच त्यांचं. त्यांनी सगळ्यात आधी माझ्या कपात चहा ओतला. मग आईच्या. मुलाकडच्या मंडळींचा नंबर शेवटी. तोपर्यंत घरी झालेल्या प्रत्येक कार्यक्रमात ट्रे माझ्या हातात असायचा आणि नजर जमिनीवर. त्या दिवशी पहिल्यांदा मी पाठ टेकून बसले आणि मलाच प्रश्न सुचायला लागले. विचारले. उत्तरं काही धड आली नाहीत. नकार आमच्याकडून गेला.

पुढे लेकीला घेऊन गेले तेव्हा दुपारच्या चहाबरोबर शेवपुरी होती. तिचं मत: "आई, विलेपार्ल्याच्या स्टेशनबाहेरची बरी." मत बरोबर आहे, पण त्या खुर्चीत बसून शेवपुरी खाण्याची मजा तिला कळायला वेळ लागेल.

बाहेरूनच बरा

मी गिरणगावातला. कठड्यावर बसून चणे खाल्ले, मित्रांबरोबर भांडलो, पाऊस अंगावर घेतला; आत एकदाही गेलो नाही. कोणी अडवलं म्हणून नाही, अडवायला आधी दारापर्यंत जावं लागतं. वडील म्हणायचे, "ती इमारत बाहेरून आपली आहे, आतून त्यांची." मला यात कडवटपणा वाटत नाही. बाहेरची बाजू जास्त चांगली आहे आणि फुकट आहे.

मराठवाड्याचा

मी तिथे ट्रेनिंगला होतो. औरंगाबादची आमची हॉटेल मॅनेजमेंटची संस्था ताजच्या सहकार्याने सुरू झाली, त्यामुळे आमच्यासारख्या गावाकडच्या पोरांना ही वाट मिळाली. मला हाउसकीपिंग मिळालं. घरी फोनवर सांगितलं तर आजी म्हणाली, "म्हणजे झाडू मारायला शिकायला फी भरलीस?"

तर लोकहो, ज्या जिन्याबद्दल नकाशेवाल्यांनी लिहिलंय तो आमच्या वाटेवर नव्हता. आमचे बोळ वेगळे, लिफ्ट वेगळी, कँटीन मागे. पाहुण्याला दिसतो तो शांतपणा या मागच्या गडबडीवर उभा असतो. धुलाईच्या ट्रॉल्या, वॉकीटॉकी, मजल्यावरच्या पँट्रीत कपबशांचा खणखणाट, आणि दार ढकलून पुढच्या बाजूला आलं की आवाज एकदम बंद, चाल बदलायची, ट्रॉली भिंतीला न घासता न्यायची.

टॉवरमध्ये एक खोली लावता आली की पुढच्या सोप्या जातात. पॅलेसमध्ये प्रत्येक खोलीचा स्वभाव निराळा. कुठे कोनाडा, कुठे खिडकी खोल, कुठे छत इतकं उंच की जळमट काढायला शिडीच लागणार. चेकआउट झालेली खोली लावायचा क्रम ठरलेला: पडदे उघड, वापरलेल्या चादरी काढ, बाथरूम, मग पलंग, मग धूळ वरून खाली, आणि व्हॅक्यूम सगळ्यात शेवटी, आतून दाराकडे मागे मागे येत, म्हणजे आपल्या पावलांची खूण गालिच्यावर राहत नाही. आमच्या सुपरवायझर साताऱ्याच्या बाई होत्या. त्या पलंगाकडे बघायच्याच नाहीत. दाराच्या चौकटीच्या वरच्या पट्टीवरून बोट फिरवायच्या. "पलंग सगळेच नीट करतात," म्हणायच्या, "मला तू जिथे बघितलं नाहीस ते दाखव."

संध्याकाळी टर्नडाउन. रजईचा कोपरा दुमडायचा, पडदे ओढायचे, एक मंद दिवा चालू, चपला पलंगाशी. खरं काम मात्र डोळ्यांचं असतं. पाहुण्याने उशा जमिनीवर टाकल्यात? लिहून ठेवा, उद्या कमी ठेवू. वाचायचा चष्मा डाव्या बाजूला आहे? मग पाण्याची बाटलीही डाव्याच बाजूला. त्याला हे कोणी सांगत नाही. त्याला फक्त इथे बरं वाटतं. यालाच लोक 'सर्व्हिस' म्हणतात आणि त्याचं श्रेय बऱ्याचदा झुंबरांना देतात.

समुद्राने मात्र आमची हाडं काढली. खाऱ्या हवेने पितळ काळं पडतं, पावसाळ्यात लाकूड फुगतं. शंभर वर्षांची इमारत म्हणजे रोजची पॉलिश. भिंतींवरच्या चित्रांना तर आम्ही हात लावायचाच नव्हता. हॉटेलच्या संग्रहात हुसेन, गायतोंडे, सबावाला अशी नावं आहेत. आजीला हे सांगितलं, तिला त्यातलं काही कळलं नाही. पण आता गावी कोणी आलं की ती दाराच्या वरच्या पट्टीवरून बोट फिरवून बघते. ही सवय मीच लावली.

सोलापूरकर

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मुलांनी एक रात्र बुक करून दिली. सौ. म्हणाली, "एवढ्यात फ्रीज आला असता." तरी गेलो.

एक व्यावहारिक सूचना: बुकिंग करताना पॅलेस की टॉवर आणि समुद्र की शहर, हे दोन्ही विचारून घ्या. इतिहासासाठी जात असाल तर पॅलेसच. पाहुण्यांना इमारतीचा फेरफटका मारून माहिती देतात, तो चुकवू नका. पहिल्या महायुद्धात इथे ६०० खाटांचं इस्पितळ होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. सरोजिनी नायडू इथे मुक्कामाला असत, जिनांच्या पत्नी रतनबाई अखेरच्या दिवसांत, १९२९ मध्ये, इथेच राहत होत्या. सौ. ते ऐकून बराच वेळ गप्प होती. मग तिने वेगळ्याच प्रश्नाला हात घातला: एवढ्या चादरी वाळत कुठे घालतात?

मराठवाड्याचा, तुमचं वाचून आत्ता उलगडा झाला. रात्री बाहेरून परत आलो तर सौ.चं गुडघ्याला लावायचं मलम तिच्या उशाकडच्या टेबलावर, खाली टॉवेल पसरून ठेवलेलं. ती सकाळपर्यंत म्हणत होती की ते मीच ठेवलं. मी नाकारलं नाही.

कॉजवेवरची

आम्ही कुलाब्यात राहतो. ताजवर दहशतवादी हल्ला झाला तेव्हा, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीपासून २९ च्या सकाळपर्यंत, घरातून फटाक्यांसारखे आवाज ऐकले आणि टीव्हीवर त्या घुमटाशेजारून धूर निघताना पाहिला. खिडकीतून जे दिसायचं तेच पडद्यावर. जास्त लिहवत नाही. हॉटेलात ३१ माणसं गेली, त्यातली ११ तिथे काम करणारी. पाहुण्यांना आधी बाहेर काढणारी हीच माणसं. मागचे बोळ त्यांना पाठ होते, म्हणून कितीतरी लोक वाचले. वर मराठवाड्याच्या मुलाने त्या बोळांबद्दल लिहिलंय, ते वाचताना मला हेच आठवत होतं.

टॉवर महिनाभराच्या आत, २१ डिसेंबरला उघडला. जुना पॅलेस १५ ऑगस्ट २०१० ला. आत ३१ नावांचं स्मारक आहे. आमच्या इमारतीतल्या काही बायका मिळून गेलो होतो, नावं वाचली, चहा न घेता परत आलो.

म्हापशाचा

खोल्या, चहा, इतिहास झाला. गाण्याबद्दल कोणी लिहीना म्हणून मी लिहितो.

१९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय बँडवाला आपला ताफा घेऊन ताजच्या बॉलरूममध्ये आला आणि मुंबईत जॅझची चटक लागली. त्यांच्या मागोमाग आमचे गोंयकार. चर्चच्या शाळेत सुरावट वाचायला शिकलेली पोरं, त्यामुळे कागद समोर ठेवला की वाजवायला तयार. मिकी कोरिया यांचा बँड १९३९ पासून १९६० पर्यंत ताजमध्ये होता. माझ्या आजोबांचे शेजारी त्या काळात धोबी तलावच्या कुडात राहायचे. कूड म्हणजे गोंयकारांची मुंबईतली गावागावांची राहायची जागा; हे आमच्या गावचंच कूड. आजोबा सांगायचे, कुडात एकाच खुंटीला तिघांचे काळे कोट असायचे. रात्री ज्याची ताजला किंवा शेजारच्या ग्रीन्स हॉटेलला पाळी, त्याने कोट घालायचा. दिवसा हीच माणसं हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत.

मग दारूबंदी आली, हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या, आणि बरेचजण कायमचे सिनेमाकडे वळले. आजोबांच्या शेजाऱ्यांना म्हातारपणी मी विचारलं होतं की राजे-महाराजे नाचायला यायचे, ते कसे होते. म्हणाले, "कोणाला ठाऊक? आमची नजर कागदावर. पण पाय बेतालच पडायचे सगळ्यांचे."

ग्रीन्स पाडून त्या जागी टॉवर उभा राहिला. तिथल्या किंवा ताजच्या बॉलरूमच्या बँडचे जुने फोटो कोणाच्या घरी ट्रंकेत असतील तर कृपया इथे डकवा. काळा कोट ओळखायला मी बसलोच आहे.