मदत हवी आहे: ग्रेडेड प्रूफ नाणं आईने रांगोळीने घासलं, आता काय करू?

नमस्कार मंडळी. सोलापूरहून लिहितोय. हसा, पण मदत करा.

अमेरिकेतल्या आत्तेभावाने आणून दिलेली तीन सिल्व्हर ईगल (अमेरिकेची चांदीची नाणी) प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी आरशासारखी चकचकीत पाडलेली, नाणी माझ्याकडे आहेत. १९८६चं सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचं 'एस', १९९३चं फिलाडेल्फियाचं 'पी' आणि २०११चं वेस्ट पॉइंटचं 'डब्ल्यू'. तिन्ही एनजीसी या नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या कंपनीच्या स्लॅबमध्ये, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या बंद डबीत. पहिली दोन पीएफ ६९, शेवटचं पीएफ ७० (पीएफ म्हणजे प्रूफ, आकडा ७० पैकी), अल्ट्रा कॅमिओ, म्हणजे आरशावर उठून दिसणारी पांढरी आकृती.

दिवाळीत मी बाहेर गेलो होतो. आईने १९८६चं नाणं पूजेला घेतलं. "लक्ष्मी कुणी प्लॅस्टिकात कोंडतंय व्हय?" म्हणत बत्त्याने स्लॅब फोडला, पंचामृताने अंघोळ घातली, हळदीकुंकू वाहिलं. पाडव्याला डाग दिसले म्हणून घरची भांडी घासतो तसं रांगोळीने लख्ख घासलं. आता नाण्यावरच्या बाईची आकृती जेमतेम पांढरी राहिलीय आणि भोवतीच्या आरशावर गोल गोल ओरखडे. उजेडात तिरकं धरलं की पोटात कालवतं. आईला काही बोललो नाही. तिच्या मते ते आधीपेक्षा चकाकतंय.

मंगळवार पेठेतल्या एका सराफाला दाखवलं. तो म्हणाला, ३१.१ ग्रॅम, वजनाचा भाव देतो, आणि बाकीची दोन्हीही फोडून आणा, कसाला लावून बघू!

हे पुन्हा ग्रेडिंगला पाठवून ६९ मिळेल का? ओरखडे घालवायचा उपाय आहे का? आणि उरलेली दोन सोलापूरच्या उन्हाळ्यात कशी ठेवायची? सध्या चादरीत गुंडाळून, रबर लावून, कपाटात आहेत.

प्रतिसाद १
नाही मिळणार. पॉलिश केलेल्या साच्याने पॉलिश केलेल्या चकतीवर एकापेक्षा जास्त वेळा ठोकून तो आरसा तयार होतो, घासून परत येत नाही. पाठवलंत तर 'डिटेल्स, क्लीन्ड' (म्हणजे साफ केलेलं) असा शेरा येईल, आकडा नाही. फी आणि टपालखर्च वाया. आता पॉलिश, दंतमंजन, चिंच काही लावू नका. तेलकट राहिलं असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवा, पुसू नका, वाळू द्या. ओरखडे तसेच राहतील.
त्यातल्या त्यात नशीब, १९८६ची प्रूफ १४,४६,७७८ निघाली होती. १९९५चं 'डब्ल्यू' असतं तर? ती फक्त ३०,१२५ आहेत. मी तर बत्ताच लपवला असता.

प्रतिसाद २
सराफाचं त्याच्या जागी बरोबर आहे, त्याचा धंदा चांदीचा. ग्रेडचे पैसे संग्राहकच देतो. पण उरलेली दोन फोडू नका. स्लॅबवरचा नंबर एनजीसीच्या साइटवर टाका, वर्ष, ग्रेड आणि फोटो असेल तर तोही जुळवा. नुसता नंबर जुळला म्हणून खुश होऊ नका, नकली स्लॅबवाले खरेच नंबर छापतात.
रबर आजच काढा. रबरात गंधक असतं आणि स्लॅब हवाबंद नसतो, चांदी काळी पडते. मऊ पीव्हीसीचं पाकीटही नको, त्याने हिरवट चिकटा येतो. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलची पुडी, आणि कपाट पत्र्याच्या खोलीत नसावं. ऊन चाळीसच्या वर गेलं तरी चांदीला काही होत नाही, खरी भीती ओलीची.

धागाकर्ता
रबर काढलं. दोन्हींचे नंबर जुळले, २०११च्याचा फोटोही.
आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग ते एक देवाचंच राहू दे. बाकीच्या दोघांना वरूनच कुंकू लावते."
स्लॅबवर कुंकू लागलं तर चालतं का हो? ओलं नाही, कोरडं.