केपीतलं 'मॉडर्न मराठी' रेस्टॉरंट : एवढे पैसे नक्की कशाचे घेतात?

टेकडीवाला :
नाव मुद्दाम लिहीत नाहीये पण कोरेगाव पार्कात हल्ली झालेलं ते 'मॉडर्न मराठी' वालं रेस्टॉरंट, भिंतीवर तांब्याची घंगाळं टांगलीयेत ते, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस म्हणून शनिवारी रात्री नऊचं बुकिंग केलं होतं, ते दोघं आणि आम्ही दोघं. नऊला पोचलो तर टेबल रिकामं नाही. बसायला पावणेदहा. मधल्या वेळात कोणी येऊन 'अजून इतका वेळ लागेल' एवढंही सांगितलं नाही, बाबांचे गुडघे दुखतात आणि बाहेर बसायला उंच स्टूल.

आधी चांगलं सांगतो. कुळथाचं पिठलं नाचणीच्या पापडीवर ठेवून वर लसणीचं तेल, असं काहीतरी आलं, एका घासात संपलं आणि बाबा म्हणाले अजून मिळेल का (नाही मिळत). केळीच्या पानातला तिरफळं घातलेला बांगडा एक नंबर. पण शेवटचा उकडीचा मोदक गार, नुसता गार नाही, वरचं तूप थिजून पांढरं झालेलं. आणि प्रत्येक ताटलीबरोबर तो मुलगा इंग्रजीत दोन मिनिटं शेफच्या आजीची गोष्ट सांगायचा. आई गुहागरची, तिला तो अळूचं फदफदं कसं करतात ते समजावत होता आणि ती बिचारी मान डोलवत होती.

शेजारच्या टेबलावर मॅनेजर सारखा, 'सर कॉकटेल कसं वाटलं, सर अजून काही'. आमच्याकडे 'स्टिल की स्पार्कलिंग' विचारलं, आम्ही साधं पाणी म्हटलं आणि तिथून जी पाठ फिरली ती बिलापर्यंत.

बिल : टेस्टिंग मेनू (म्हणजे ठरलेल्या छोट्या छोट्या पदार्थांची रांग, एकामागून एक) माणशी २८००, म्हणजे ११,२००. त्यावर १०% सर्व्हिस चार्ज ११२०. मग त्या सगळ्यावर ५% जीएसटी ६१६. एकूण १२,९३६. महाग आहे ही माझी तक्रार नाही, दर बघूनच गेलो होतो. पण सर्व्हिस चार्ज काढा म्हटल्यावर मॅनेजरने असं बघितलं की जणू मी त्याच्याकडे उसने मागतोय. शेवटी आईच 'जाऊ दे रे' म्हणाली आणि दिले. तुमचे अनुभव सांगा.

झुणकाभाकर :
बारा हजार नऊशे छत्तीस 😳 एवढ्यात आमच्या सदाशिव पेठेतल्या खानावळीत चौघं कितीतरी दिवस जेवतील आणि मोदक गरम मिळेल तो वेगळाच.

खमंग_काकडी :
@झुणकाभाकर हा कमेंट प्रत्येक वेळी येतोच. खानावळीत कोणी जाऊ नका म्हटलंय का? तिथे पोट भरायला जायचं, इथे वेगळं काही बघायला जायचं, दोन्ही आवडू शकतं की माणसाला.

@टेकडीवाला, तुम्ही म्हणताय तिथेच आम्ही गेलो होतो, मंगळवारी दुपारी, आणि माझा अनुभव अगदी उलटा आहे. सासऱ्यांना पार्किन्सन्स आहे, हात थरथरतो, म्हणून ते बाहेर जेवायलाच येत नाहीत, सांडतं त्याची लाज वाटते. आम्ही कोणाला काही बोललो नव्हतो. पहिली ताटली आल्यावर त्या स्टुअर्डने बघितलं असणार, कारण पुढचं सगळं त्यांना खोलगट वाडग्यात आलं, जाड दांड्याचा चमचा आला, बांगड्याचे काटे आतून काढून आले, आणि आमच्या ताटल्यांसारखीच सजावट, म्हणजे आजारी माणसाचं वेगळं ताट असं वाटूच दिलं नाही. एक शब्द न बोलता. मोदक वाफाळता. सर्व्हिस चार्ज मी हसत दिला आणि परत देईन. शनिवारी रात्री नऊला जाऊन शांतपणे लाड होतील अशी अपेक्षा ठेवणंच चूक आहे असं माझं मत.

टेकडीवाला :
पैसे शनिवारीही तेवढेच घेतात ना? मंगळवारच्या दुपारचे २८०० आणि शनिवारच्या रात्रीचे १५०० असं केलं असतं तर तुमचं म्हणणं मान्य.

वकिली_कोट :
कायद्याचं तेवढं स्पष्ट करतो कारण अजूनही लोक गोंधळलेले आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला गाइडलाइन्स काढल्या : सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावाने लावायचा नाही, सक्ती नाही, तो ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं, आणि तो बिलात धरून त्यावर जीएसटी लावायचा नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या, त्याच महिन्यात स्टे मिळाला आणि म्हणून मधली वर्षं सगळे 'स्टे आहे' म्हणून घेत राहिले. २८ मार्च २०२५ ला हायकोर्टाने गाइडलाइन्स कायम ठेवल्या, दोन्ही याचिका फेटाळल्या आणि वर एकेक लाखाचा खर्चही बसवला. त्यावर अपील झालं, तो भाग वेगळा.

म्हणजे तुमच्या बिलात दोन गोष्टी चुकल्या. ११२० आपोआप लावले आणि त्या ११२० वर परत ५६ रुपये जीएसटी घेतला. १९१५ ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, बिलाचा फोटो जपून ठेवा.

अवांतर : ५% हा बाहेरच्या रेस्टॉरंटचा दर. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७५०० च्या वर जातं तिथल्या रेस्टॉरंटात १८% लागतो, तेव्हा तिथे बिल बघून उगाच भांडू नका.

झुणकाभाकर :
५६ रुपयांसाठी हेल्पलाइन 😂

वकिली_कोट :
रोज शंभर बिलं असतील तर बघा ना गणित करून.

कोकणी_मिरची :
मोदकाचं राहू दे, तो बांगडा एक नंबर कसा काय म्हणता? मी गेले तेव्हा माझ्या तुकड्यात तिरफळाची काळी बी तशीच होती, दाताखाली आली, कचकच आणि जीभ बधिर. तिरफळाचं वरचं साल घ्यायचं असतं, बी काढून टाकायची, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहितीये. आजीच्या गोष्टी सांगतात मग आजीने हे नाही शिकवलं?

खमंग_काकडी :
आमच्या घरी तर अख्खी ठेचून टाकतात आणि जेवताना बाजूला काढतात.

कोकणी_मिरची :
घरी ठीक आहे हो, घरी काढतो बाजूला. २८०० घेतल्यावर बी त्यांनी काढायची.

टेकडीवाला :
हे मात्र अगदी पटलं.

माजी_कॅप्टन :
मुंबईत पंचतारांकितमध्ये आणि नंतर दोन स्टँडअलोन ठिकाणी फ्लोअरवर काम केलंय, आता हा धंदा सोडला म्हणून मोकळेपणाने लिहितो.

मोदक गार का आला ते आधी. टेस्टिंग मेनूत प्रत्येक कोर्स कॅप्टनने, म्हणजे काही टेबलं सांभाळणाऱ्या मुख्य वेटरने, 'फायर' करायचा असतो, म्हणजे टेबलाचे शेवटचे दोन घास राहिले की आत सांगायचं, मग आत ताटली लागते. शनिवारी एका कॅप्टनकडे चार ऐवजी सात टेबलं असतात. तो अंदाजाने आधीच फायर करतो, तेवढ्यात तुमच्यातलं कोणी हात धुवायला उठतं, नियम असा की सगळे बसल्याशिवाय ताटल्या न्यायच्या नाहीत, आणि मोदक पासवर उभा, पास म्हणजे किचनमधून तयार ताटल्या बाहेर द्यायचा कट्टा. पासवर वरून गरम दिवे असतात पण त्याखाली उकडीची पारी सुकून चिरते म्हणून कोणीतरी ताटली बाजूला सरकवतं. वर एसी. तूप पाच मिनिटांत थिजतं. चांगल्या जागी अशा वेळी एक्सपिडायटर, म्हणजे पासवर ताटल्या तपासून सोडणारा माणूस, ती ताटली परत पाठवतो आणि नवीन मागवतो, घाईत तो डोळेझाक करतो. स्वयंपाक्याची चूक फार कमी वेळा असते.

टेबल उशिरा मिळालं कारण दोन बैठका विकलेल्या असतात, सातची आणि नऊची, आणि सातवाले कॉफी घेऊन गप्पा मारत बसतात. त्यांना उठवता येत नाही. पण दाराशी येऊन सांगायला काय जात होतं? ते होस्टचं कामच आहे, तिथे सफाई नाही.

आता कडू गोष्ट. टेबल बसल्याबसल्या वाचलं जातं. पैसा बारवर सुटतो, जेवणावर नाही, त्यामुळे साधं पाणी म्हटलं की ते टेबल नवख्या पोराकडे जातं आणि अनुभवी माणूस कॉकटेलवाल्यांकडे. कोणी तोंडाने बोलत नाही पण ब्रीफिंगमध्ये 'ॲव्हरेज पर कव्हर' रोज विचारतात, म्हणजे माणशी बिल किती झालं, मग पोरं काय करणार. काकडीताईंना जो स्टुअर्ड मिळाला तसे दहात दोन असतात आणि त्यांना दुसरं रेस्टॉरंट लगेच जास्त पगारावर उचलतं. मालकांनी कितीही ट्रेनिंगच्या गोष्टी केल्या तरी फ्लोअरवरचा मुलगा वर्षभर टिकला तर खूप.

टेकडीवाला :
म्हणजे दारू न पिणाऱ्याला सर्व्हिस कमी आणि सर्व्हिस चार्ज तेवढाच. वा.

साखरभात :
आणि भाषेचं काय? पाटीवर मराठी, मेनूत मराठी पदार्थ, भिंतीवर घंगाळं आणि मराठी बोलणारा एक माणूस नाही? जो पदार्थ विकताय त्याचं नाव तरी नीट घेता यावं. आमच्या टेबलावर 'अलू का फडफडा' आलं होतं.

माजी_कॅप्टन :
पोरं उत्तराखंडची, ओडिशाची, ईशान्येकडची, नेपाळची असतात, घर सोडून बारा-बारा तास उभी राहतात. उच्चार चुकला तर तो शिकवणाऱ्याचा दोष. आणि माफ करा पण पुण्यातली किती मराठी पोरं संध्याकाळी पाच ते रात्री एक, शनिवार-रविवार सुट्टी नाही, अशा नोकरीला तयार आहेत?

साखरभात :
पोरांना मी बोललेच नाही. मालकाला बोलतेय. गोष्ट इंग्रजीत पाठ करून घेता येते तर आठ नावं मराठीत पाठ करून घेता येत नाहीत? समोर साठीची बाई बसलीये हे बघून गोष्ट आवरती घ्यायला तर भाषाही लागत नाही.

खमंग_काकडी :
हे बरोबर. पण मग रिव्ह्यूमध्ये लिहा की, मालक तेच वाचतात.

झुणकाभाकर :
रिव्ह्यूचं काय घेऊन बसलात, बिलाबरोबर क्यूआर कोडचं कार्ड आणि 'सर प्लीज माझं नाव लिहा', पाच स्टार टाकेपर्यंत पोरगं शेजारी उभं. असे साडेचार-पाच स्टार बघूनच मी एकदा फसलोय आणि म्हणून खानावळ खानावळ करतो.

माजी_कॅप्टन :
नाव लिहिलं की त्याला महिन्याला काहीतरी बक्षीस असतं बऱ्याच ठिकाणी. खरं आहे.

जर्सीसिटीकर :
इथे न्यू जर्सीत १८-२०% टिप दिली नाही तर माणूस पार्किंगपर्यंत मागे येईल असं वाटतं 🙂 त्यामुळे १०% वरून एवढी चर्चा बघून गंमत वाटली. पण दुसरी बाजूही आहे. न्यूयॉर्कला डॅनी मायरने २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांत टिप बंद करायची घोषणा केली, पदार्थांचे दर वाढवले, सगळ्यांना नीट पगार देऊ म्हणाला. २०२० मध्ये परत टिप सुरू. गिऱ्हाइकाला मेनूवर मोठा आकडा दिसला की तो घाबरतो, खाली वेगळी ओळ चालते. तुमच्याकडे सर्व्हिस चार्ज गेला तर २८०० चे ३१०० होतील, बघा.

वकिली_कोट :
होऊ देत की. मेनूतले दर किती ठेवायचे याचं स्वातंत्र्य त्यांना आहेच, कोणी अडवलेलं नाही. ३१०० दाखवा, मी ठरवेन जायचं की नाही. २८०० दाखवून खाली ओळ लपवायची नाही एवढंच.

खमंग_काकडी :
मला नाही पटत. ३१०० केले की ते मालकाच्या खिशात, सर्व्हिस चार्ज निदान पोरांना मिळतो.

टेकडीवाला :
मिळतो का पण? @माजी_कॅप्टन खरं सांगा.

माजी_कॅप्टन :
जिथे मी होतो तिथे पॉइंट होते. मॅनेजरला जास्त, कॅप्टनला त्याहून कमी, स्टुअर्ड, मग किचन, मग भांडीवाले. फुटलेल्या काचेचे पैसे आधी कापायचे, उरलेलं पॉइंटप्रमाणे. पगार कमी असायचा, या पैशावर महिना निघायचा. दुसऱ्या ठिकाणी मालक निम्मा स्वतः ठेवायचा, 'मेंटेनन्स' म्हणून. बाहेरून तुम्हाला कळायला काही मार्ग नाही.

साखरभात :
मग सोपं आहे, चार्ज काढायला लावायचा आणि ज्याने नीट वाढलं त्याच्या हातात रोख द्यायचे. आम्ही तसंच करतो.

खमंग_काकडी :
आणि माझ्या सासऱ्यांसाठी आत ज्याने बांगड्याचे काटे काढले त्याला?

माजी_कॅप्टन :
त्याला रोख टिपेतलं काही जात नाही. फ्लोअरवाला देतो कधी दिवाळीला, मनात आलं तर. भांडीवाल्याला तर कधीच नाही.

साखरभात :
त्याचा पगार मालकाने वाढवावा. ते मी बिलात बसून का सोडवायचं?

खमंग_काकडी :
मालक नाही वाढवणार हे आपल्या दोघींनाही माहितीये.