हिवाळ्यात जपानमधील ओन्सेन गाव: वयस्कर आई-बाबांसोबत कोणते निवडावे?

टोकियोवासी

नमस्कार. मी आणि माझी पत्नी टोकियोत राहतो. जानेवारीच्या अखेरीस माझे आई-बाबा आमच्याकडे येणार असून टोकियो आणि क्योटो दाखवून झाल्यावर त्यांच्यासह एखाद्या ओन्सेन गावात, म्हणजे उष्ण झऱ्यांच्या गावात, दोन रात्री राहावे असा आमचा विचार आहे. यामागाता प्रांतातील गिन्झान ओन्सेनचे छायाचित्र पाहिल्यापासून पत्नी दुसऱ्या गावाचे नाव काढू देत नाही. नदीच्या दोन्ही काठांवरील तीन-चार मजली जुन्या लाकडी इमारती, संध्याकाळी लागणारे गॅसचे दिवे आणि सगळ्यांवर साचलेला बर्फ पाहून मलाही मोह झाला आहे, हे नाकारत नाही.

मात्र काही अडचणी आहेत. बाबा बहात्तर वर्षांचे आहेत, रक्तदाबाची गोळी घेतात आणि त्यांचा एक गुडघा दुखरा आहे. आई मांस-मासे खात नाही, अंडेही खात नाही, दूध-दही चालते. अनोळखी लोकांसमोर विवस्त्र होऊन स्नान करण्याची कल्पना दोघांनाही सहन होईल असे वाटत नाही. शिवाय पत्नीच्या मनगटावर एक लहानसे गोंदण आहे आणि त्यामुळे प्रवेश नाकारला जातो असे ऐकून आहे. अशा परिस्थितीत गिन्झानचा हट्ट धरावा की दुसरे गाव पाहावे? आपल्यापैकी कोणी वयस्कर मंडळींना घेऊन हिवाळ्यात गेले असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

हिमरेषा

गिन्झानचे सौंदर्य खरे आहे, पण ते गाव फार लहान आहे आणि तुमच्या बऱ्याच अडचणींचे मूळ तिथेच आहे. नदीकाठची ती प्रसिद्ध वाट सावकाश चालूनही पंधरा-वीस मिनिटांत संपते. मुक्कामाची घरे मोजकीच असल्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या खोल्या कित्येक महिने आधी भरतात. खोली मिळाली नाही म्हणून दिवसभरासाठी जाऊन यावे, तर छायाचित्रातील देखावा असतो अंधार पडल्यानंतरचा, आणि नेमकी तीच वेळ आता मुक्कामी पाहुण्यांसाठी राखली जाऊ लागली आहे. 2024-25च्या हिवाळ्यापासून गर्दी आवरण्यासाठी बाहेरच्या मोटारी गावाअलीकडच्या वाहनतळावर थांबवून तेथून बसने नेणे आणि संध्याकाळी पाचनंतर आगाऊ तिकिटाशिवाय प्रवेश न देणे असे निर्बंध सुरू झाले. नियम दर हंगामात बदलू शकतात, म्हणून जाण्यापूर्वी त्या हंगामाची सूचना वाचावी.

प्रवासाचेही पाहा. टोकियोहून यामागाता शिंकान्सेन या जलद रेल्वेने ओइशिदा स्थानकापर्यंत तीन तासांहून अधिक वेळ लागतो आणि पुढे बसने साधारण चाळीस मिनिटे. ही शिंकान्सेन फुकुशिमानंतर नेहमीच्या रेल्वेच्या मार्गावरूनच घाट चढते, त्यामुळे जोराच्या हिमवर्षावात तिला उशीर होतो, कधी ती रद्दही होते. बसच्या फेऱ्या थोड्या असल्याने गाडी चुकली की पुढच्या फेरीची वाट पाहणे आले, आणि उणे तापमानात दुखऱ्या गुडघ्याने ते करणे सोपे नाही.

टोकियोत लख्ख ऊन असताना तिकडे घरांच्या छपरांवर दीड-दोन मीटर बर्फ कसा, असा प्रश्न आई-बाबा विचारतीलच. सैबेरियाकडून येणारे कोरडे, थंड वारे जपानच्या समुद्रावरून येताना तेथील तुलनेने उबदार पाण्याची वाफ उचलतात आणि होन्शू बेटाच्या मधल्या डोंगररांगांना अडून पश्चिमेच्या बाजूलाच सगळा बर्फ रिता करतात. डोंगर ओलांडून टोकियोकडे येईपर्यंत त्या वाऱ्यात ओलावा उरत नाही. त्यामुळे बर्फातील ओन्सेन हवे असेल तर जपानच्या समुद्राकडची बाजू किंवा उंच डोंगर यांपैकी एक निवडावे लागते, आणि त्यासोबत येणारी प्रवासातील अनिश्चितताही पत्करावी लागते. ज्या दिवशी मायदेशी परतायचे विमान आहे त्याच्या आदल्या रात्री अशा गावात मुळीच राहू नये.

क्योटो तुमच्या यादीत आहेच, तर ह्योगो प्रांतातील किनोसाकीचा विचार करा असे मी सुचवेन. क्योटोहून थेट जलद गाडी आहे, सुमारे अडीच तासांत पोहोचते, आणि स्थानक गावातच आहे.

निवांत पाणी

हिमरेषा यांच्याशी सहमत आहे. फक्त गाव ठरवण्याआधी बाबांच्या स्नानाचा विचार करावा, अशी विनंती आहे, कारण हिवाळ्यात ओन्सेनमधील धोका घसरण्यापुरता नसतो. थंड खोलीत कपडे उतरवले की रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्तदाब चढतो. लगेच कढत पाण्यात उतरले की त्या सैलावून तो झपाट्याने खाली येतो. आणि पाण्यातून एकदम उठून उभे राहिले की भोवळ येते. जपानमध्ये हिवाळ्यात वृद्ध माणसे स्नानगृहात दगावण्याचे प्रमाण इतके मोठे आहे की सरकारी ग्राहक व्यवहार संस्था दरवर्षी त्याविषयी सावध करते. तिचा सल्ला असा असतो की पाणी 41 अंश सेल्सिअसच्या आत असावे, दहा मिनिटांहून अधिक काळ बसू नये, आणि जेवणानंतर लगेच किंवा मद्य घेतल्यावर पाण्यात उतरू नये. बऱ्याच ओन्सेनमधील पाणी याहून गरम, 42-43 अंशांच्या आसपास असते. उघड्यावरच्या कुंडाचे आकर्षण सर्वांनाच असते, पण खोलीपासून कुंडापर्यंतची ती उघडी वाट हीच बाबांसाठी सर्वांत अवघड ठरेल. आधी घरातील आतल्या कुंडात अंग तापवावे, पाण्यात उतरण्यापूर्वी पायांपासून वर सरकत अंगावर दहा-बारा तांबे गरम पाणी घ्यावे, आणि मगच बाहेर जावे. स्नानापूर्वी व नंतर पाणी प्यावे. बाबांच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारून ठेवणे उत्तम.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. स्त्री-पुरुषांची स्नानगृहे वेगळी असल्यामुळे सार्वजनिक ठिकाणी बाबांसोबत तुम्ही आणि आईंसोबत तुमची पत्नी अशीच विभागणी करावी लागेल. बाबांना एकटे सोडू नका.

या सगळ्यावर एकच सोपा उपाय आहे, तो म्हणजे घटकाभर आपल्यापुरते राखून घेता येणारे कुंड. जपानी भाषेत त्याला काशिकिरी-बुरो म्हणतात. साधारण चाळीस-पन्नास मिनिटांसाठी दाराला आतून कडी लावून घ्यायची. काही र्‍योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी पांथनिवासांत, ते विनामूल्य असते, काहींमध्ये दोन-तीन हजार येन घेतात. आई-बाबांचा संकोच मिटतो, दोघे एकमेकांकडे लक्ष ठेवू शकतात आणि गोंदणाचा प्रश्नच उरत नाही. पोहण्याचे कपडे घालून उतरायची परवानगी मात्र तिथेही गृहीत धरू नये. आरक्षण करताना गावाच्या नावाआधी ही सोय आहे का ते पाहा. खोलीलाच जोडलेले कुंड असेल तर अधिकच चांगले, पण त्या खोल्या बऱ्याच महाग असतात.

सात घाटांचा वाटसरू

किनोसाकीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे मी हिवाळ्यात राहिलो आहे आणि माझे मत हिमरेषा यांच्यापेक्षा किंचित वेगळे आहे.

चांगले आधी सांगतो. गाव ओतानी नदीच्या दोन्ही काठांनी वसलेले असून मुख्य रस्ता जवळजवळ सपाट आहे. गुडघ्यासाठी यापरते सुख नाही. 1925च्या भूकंपात व त्यानंतरच्या आगीत गाव जळून गेले आणि आजचे लाकडी किनोसाकी त्यानंतर उभे राहिले. गावात सात सार्वजनिक स्नानगृहे आहेत आणि गावातील र्‍योकानमध्ये उतरलेल्या पाहुण्यांना त्यांत विनामूल्य प्रवेश मिळतो. संध्याकाळी युकाता हा सुती झगा, वरून जाड जाकीट आणि पायांत लाकडी गेता अशा वेशात सगळे गावच एका स्नानगृहातून दुसऱ्याकडे चाललेले असते. र्‍योकान ही झोपण्याची खोली आणि रस्ता हा तिचा व्हरांडा, असा इथला रिवाज आहे. गोंदण असले तरी या सार्वजनिक स्नानगृहांत कोणी अडवत नाही, त्यामुळे तुमच्या पत्नीला तिथे काळजी नाही. सगळ्या स्नानगृहांची साप्ताहिक सुट्टी एकाच वारी नसते आणि काही फक्त दुपारनंतर उघडतात, तेवढे आधी पाहून ठेवावे. बाबांनी मात्र बर्फावर गेता घालू नयेत. र्‍योकानमध्ये रबरी बूट मागितल्यास बहुधा मिळतात.

आता अडचण. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चपर्यंत या किनाऱ्यावर मात्सुबा खेकड्याचा हंगाम असतो आणि हिवाळ्यातील किनोसाकी म्हणजे खेकडा, हे समीकरण इतके पक्के आहे की रात्रीच्या जेवणासह मिळणाऱ्या बहुतेक खोल्यांचे दर त्याच हिशेबाने चढतात. कच्चा, उकडलेला, भाजलेला, रश्श्यातला आणि शेवटी त्याच रश्श्यात शिजवलेला भात, अशी ती मेजवानी असते. जी व्यक्ती यातले काहीच खाणार नाही तिच्यासाठीही तेवढेच पैसे मोजणे मला पटत नाही. शाकाहारी जेवणाची विनंती केल्यास काही घरे नम्रपणे नकार देतात, आणि जी होकार देतात त्यांच्याही सूपमध्ये व भाज्यांच्या रसात सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असू शकतो. त्याला ते मासा मानत नाहीत, तो त्यांच्या लेखी पाण्याइतकाच मूलभूत असतो. म्हणून आरक्षण करतानाच, आणि जपानीत लिहून, असे कळवावे की मांस, मासे, अंडी आणि माशाचा अर्क काहीही चालणार नाही. कोम्बु या समुद्री शेवाळाचा किंवा शिताके अळंबीचा अर्क चालेल. ऐनवेळी सांगून काही होत नाही, कारण स्वयंपाकाची तयारी आदल्या दिवसापासून सुरू झालेली असते.

टोकियोवासी

सर्वांचे मनापासून आभार. राखीव कुंडाची कल्पना आम्हा कोणालाच ठाऊक नव्हती. आईला सांगितल्यावर तिचा निम्मा विरोध तिथेच मावळला. पत्नीनेही गिन्झान पुढच्या वर्षी आम्ही दोघेच गेल्यावर पाहू असे मान्य केले आहे.

खेकड्याच्या माहितीमुळे मात्र पुन्हा विचारात पडलो आहे. टोकियोहून जवळ म्हणून गुनमा प्रांतातील कुसात्सुचे नाव एका सहकाऱ्याने सुचवले. ते या दृष्टीने बरे पडेल का?

हिमरेषा

जेवणाच्या दृष्टीने कुसात्सु निश्चित सोपे आहे, कारण गाव मोठे असल्याने बाहेर खाण्याचे पर्याय अधिक आहेत. उएनोहून जलद गाडीने नागानोहारा-कुसात्सुगुचीपर्यंत सुमारे अडीच तास आणि पुढे बसने साधारण पंचवीस मिनिटे, किंवा शिंजुकुहून थेट बसने सुमारे चार तास. गावाच्या मध्यावर युबाताके आहे, जिथे जमिनीतून उसळणारे कढत पाणी लाकडी पन्हळींतून वाहवत थोडे निववले जाते. गावात सगळे झरे मिळून मिनिटाला 32,000 लिटरहून अधिक पाणी पंपाशिवाय आपोआप वर येते आणि त्या बाबतीत कुसात्सु जपानमध्ये अग्रेसर मानले जाते. रात्री दिव्यांच्या उजेडात, बर्फात वाफेचे लोट उठत असताना ते दृश्य गिन्झानपेक्षा उणे नाही, असे माझे मत आहे. फळ्यांनी पाणी ढवळून निववण्याची युमोमी ही जुनी पद्धत तिथे गाण्यांसह करून दाखवतात. ती बसून पाहता येते, त्यामुळे बाबांना आवडेल.

पण पाणी जहाल आहे. त्याचा सामू 2च्या आसपास, म्हणजे लिंबाच्या रसाइतका आम्ल आहे, आणि गावातील लहान सार्वजनिक कुंडांत ते फार गरम असते. वयस्कर, कोरड्या त्वचेला ते झोंबते. स्नानानंतर साध्या पाण्याने अंग धुवावे. चांदी काळी पडते, म्हणून आईंची जोडवी आधीच काढून ठेवावीत. शिवाय गाव सुमारे 1,200 मीटर उंचीवर आणि चढउताराचे असल्याने रस्ते रात्री गोठून निसरडे होतात. बाबांचा गुडघा आणि त्वचा यांचा विचार करता मी अजूनही किनोसाकीच म्हणेन. फक्त खोली सकाळच्या न्याहारीपुरती किंवा जेवणाविना घ्यावी. तशा खोल्यांचे दरही बरेच कमी असतात.

सात घाटांचा वाटसरू

याला माझे अनुमोदन आहे, पण एक पुरवणी जोडतो. जेवणाविना राहणार असाल तर रात्रीच्या जेवणाचे आधी ठरवा. बहुसंख्य पाहुणे आपापल्या र्‍योकानमध्येच जेवत असल्यामुळे गावातील भोजनालये थोडी आहेत आणि लवकर बंद होतात. क्योटोत देवळांच्या परंपरेतील शाकाहारी जेवण आणि त्याचे डबे सहज मिळतात. निघण्याच्या दिवशी तिथूनच पहिल्या रात्रीची सोय बरोबर घ्यावी. दुसऱ्या रात्रीसाठी झटपट शिजणारा भात, सुकवलेला तोफू, फळे असे काही सोबत ठेवावे. खोलीत गरम पाण्याची किटली बहुधा असतेच, तरी बाहेरचे अन्न खोलीत चालते का ते विचारून घ्यावे.

मोठ्या बॅगा तुमच्या टोकियोच्या घरीच राहू द्या किंवा क्योटोच्या हॉटेलातून परस्पर टोकियोला पाठवून द्या. सामान घरपोच करणारी सेवा जपानभर आहे आणि एरवी दुसऱ्या दिवशी पोहोचते, पण हिमवर्षावाच्या दिवसांत एखादा दिवस जास्त धरावा. बाबांच्या गोळ्या मात्र हातातल्या पिशवीतच ठेवा.

निवांत पाणी

राखीव कुंडाची वेळ बऱ्याच ठिकाणी आल्यावर नोंदवून घेतात आणि जेवणाआधीच्या वेळा चटकन जातात. खोल्या दुपारी तीनच्या सुमारास मिळतात. शक्यतो त्याच वेळी पोहोचा आणि खोलीत जाण्यापूर्वी स्वागतकक्षातच साडेचार-पाचची वेळ मागून घ्या.