मदत हवी आहे: तमाशाच्या प्रेक्षकांची 'आवड' मोजायची कशी?

एम.ए. समाजशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी ढोलकी-फडाच्या तमाशावर (गावोगाव फिरणाऱ्या मंडळींच्या तमाशावर) काम करते आहे. कलाकारांची बाजू बऱ्यापैकी हाताशी आली. कला ही एकट्याची नव्हे, अनेकांच्या सहकार्याची निर्मिती असते हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकरचं म्हणणं फडाला चपखल बसतं. नारायणगावच्या राहुट्यांत (फडांच्या बुकिंगच्या तंबूंत) सुपारी म्हणजे खेळाचा करार ठरवणारे गावकरी, कलाकारांना उचल (आगाऊ रक्कम) देणारा फडमालक, ढोलकीवाला, सोंगाड्या, तंबू ठोकणारे, ट्रकचालक... यातलं कोणी नसेल तर वग (तमाशातलं नाट्य) उभाच राहत नाही.

अडलंय प्रेक्षकांपाशी. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यूने १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये प्रश्नावल्या भरून घेऊन वर्ग, शिक्षण आणि अभिरुचीचा संबंध दाखवला. तसे प्रश्न एका जत्रेत विचारून पाहिले. "तमाशा आवडतो का?" म्हटलं की उत्तर एकच: "गावची रीत आहे, म्हणून येतो." शिकलेले तर "सहज डोकावलो" म्हणून सटकले (आणि पहाटेपर्यंत पुढच्याच रांगेत होते!). आवड कबूल करण्यातच प्रतिष्ठेची अडचण आहे, असा माझा कयास.

मार्गदर्शकांना आकडेवारी हवीच आहे, त्यामुळे 'फक्त मुलाखती घ्या' हा सल्ला चालणार नाही. थेट जात विचारायला जत्रा समितीची हरकत आहे, रेकॉर्डिंगलाही. स्त्री-प्रेक्षक नमुन्यात जवळजवळ नाहीत, तेवढी मर्यादा मान्य केली आहे.

गण-गौळणीपासून (म्हणजे सुरुवातीपासून) बसले की फक्त गाण्यांपुरते, कोणासोबत आले, घरी सांगून आले का, अशा वागण्यावरच्या प्रश्नांतून अभिरुचीचा निर्देशांक काढता येईल का? लोककलेच्या प्रेक्षकांचं सर्वेक्षण कोणी केलं असेल, तर नेमके कोणते प्रश्न चालले?