बोक्याच्या अंगभर इंजिन ऑइल, कसं काढू? (तातडीने मदत हवी आहे)

आमचा बंड्या, वय तीनेक वर्षं, दिवसभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंडारतो. आज घरी आला तो पाठीपासून शेपटीपर्यंत काळाकुट्ट. खाली कुणीतरी गाडीचं ऑइल बदलून ट्रे तसाच ठेवला होता, त्यातच लोळला असणार. मागच्या मांडीवर तर घट्ट ग्रीसचा गोळा केसांत बसलाय.

सारखा चाटायला बघतोय, म्हणून टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरलाय आणि एका हाताने हे लिहितेय. वॉचमनकाका म्हणतात रॉकेलचा बोळा फिरवा, गॅरेजवाले हात तसेच धुतात. सासूबाई म्हणतात बेसन चोळ. शेजारच्या काकू डेटॉल घेऊन दारात उभ्या. नेहमीचा दवाखाना आता सकाळीच उघडेल. याला आजवर कधी अंघोळ घातलेली नाही. काय करू? आणि थोडं पोटात गेलं असेल तर?

बोकोबा :
रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन, थिनर यातलं काहीही नको! ऑइल निघेल, पण कातडी भाजेल, आणि उरलेलं तो चाटणारच. रॉकेल इतकं पातळ असतं की गिळताना किंवा उलटी होताना सहज फुफ्फुसात उतरतं, मग न्यूमोनिया. काकूंना चहा द्या आणि डेटॉल परत पाठवा. त्यातल्या फिनॉल जातीच्या द्रव्यांचा निचरा करायची सोय मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. टी ट्री किंवा निलगिरी तेलाचंही तेच. कुत्र्यांचा गोचीडनाशक शाम्पू घरात असेल तर तोही लांब ठेवा, त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असलं तर मांजराला झटके येतात.

माऊची_आई :
सासूबाईंचं बरोबर आहे, फक्त क्रम सांगते. पाणी सगळ्यात शेवटी. आधी टिश्यू किंवा जुन्या सुती कापडाने टिपून घ्या, चोळू नका, नाहीतर ऑइल मुळापर्यंत जातं. मग कॉर्नफ्लोअर किंवा बेसन भुरभुरवा, तेल शोषू द्या, बारीक दातांच्या फणीने विंचरून काढा. पीठ काळं येणं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. नाकातोंडाजवळ पीठ उडवू नका.

घट्ट ग्रीसला आधी थोडं खायचं तेल बोटाने चोळा. ते सैल पडतं आणि तेल पोटात गेलं तरी फारसं बिघडत नाही. माझ्या मांजरीच्या पायाला उंदीर पकडायचा चिकट गम लागला होता, तोही असाच सुटला.

मग भांडी घासायचं लिक्विड. शक्यतो लिंबाच्या वासाचं नको, लिंबाच्या सालीतलं तेल मांजरांना सोसत नाही. कोमट पाण्यात थोडंसं मिसळून केसांच्या दिशेने लावा, नीट धुवा, पुन्हा लावा. एका फेरीत निघणार नाही. घमेल्यात तळाला टॉवेल अंथरा, पाय घसरले की मांजर वेडंपिसं होतं. डोकं भिजवू नका, तोंड ओल्या फडक्याने पुसा. नंतर लगेच कोरडं करून उबेत ठेवा, ओलं मांजर पटकन गारठतं.

साबण लावताना नवऱ्याला मानेपाशी धरायला सांगा. बोक्याच्या मानेपाशी. :)

डॉक्टर_नव्हे_पण :
एक विचारतो, नक्की ऑइलच ना? कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, नाही? ट्रेमध्ये हिरवट किंवा गुलाबी पातळ द्रव असेल तर हे सगळं सोडा आणि रात्रीच चालू असलेला दवाखाना गाठा. कूलंटमधल्या इथिलीन ग्लायकॉलने मूत्रपिंडं जातात, पंजावरचं चाटलेलंही पुरतं, आणि उताऱ्याचा उपयोग पहिल्या काही तासांतच होतो.

इंजिन ऑइल पोटात गेलं तर बहुधा उलट्या-जुलाबांवर भागतं. मिठाचं पाणी पाजून उलटी मात्र काढू नका, ऑइल श्वासनलिकेत जाईल. जबरदस्तीने दूधही नको. धाप, खोकला, सतत लाळ, थरथर किंवा ग्लानी दिसली तर सकाळची वाट बघू नका.

धागाकर्ती :
वॉचमनकाकांना खाली पाठवून बघितलं, काळं ऑइलच आहे, कूलंट नाही. बेसन संपलं, मग कॉर्नफ्लोअर. सगळी फणी काळी झाली. मग बेबी शाम्पूने सुरुवात केली, पण तेलकटपणा हटेना, शेवटी बिनवासाचं डिशवॉश लावलं. पाणी स्वच्छ यायला लागलंय. नवऱ्याच्या हातावर ओरखडे आहेत, त्याला डेटॉल चालतं ना?

मांडीवरचा गोळा तेलानेही निम्माच सुटला. कात्रीने कापू का? आणि पांढऱ्या केसांवर पिवळट डाग राहिलाय.

माऊची_आई :
कात्री नको. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, केसांबरोबर वर उचलली जाते आणि कळायच्या आत कापली जाते. सकाळी डॉक्टर ट्रिमरने काढतील. तोवर चाटू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर घाला. नसेल तर जुन्या मोज्याचं टोक कापून चार पायांची भोकं पाडा आणि अंगात चढवा, फक्त मोजा ढगळ हवा. तेवढ्यात लक्ष ठेवा. डाग राहू दे, केस गळून नवे येतील. वास आणि चिकटपणा गेला की झालं.