वय ५४, शेमा ही आपली रोजची ज्यू प्रार्थना पाठ आहे पण अर्थ कळत नाही. शिकायला कुठून सुरुवात करू?

शनिवारतेली_ठाणे:
नमस्कार मंडळी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे पेणकडचे, दोन पिढ्या ठाण्यात. मुलगी सासरी गेली, मुलगा बंगलोरला, संध्याकाळचा वेळ मोकळा असतो म्हणून एकदाचं मनावर घेतलंय. लहानपणापासून सगळं केलंय हो, आजीने शेमा पाठ करून घेतला, मलिदा केला, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याला नवस बोललो आणि फेडले, किप्पूरचा उपास एकदाही चुकवला नाही. पण प्रार्थनेचं पुस्तक मी वहीत देवनागरीत उतरवून घेतलेल्या उच्चारांवरून वाचते आणि आपण काय म्हणतोय ते मला कळत नाही. मागच्या महिन्यात भाचीच्या मुलाने विचारलं, मावशीआजी, शेमा म्हणताना डोळ्यांवर हात का ठेवायचा? मी म्हटलं, असंच करतात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

एक ऑनलाइन क्लास लावला होता. शिकवणारे चांगले होते पण बाकी सगळे अमेरिकेतले, ते ज्या आजी-आजोबांच्या आठवणी सांगायचे, जे पदार्थ सांगायचे, त्यातलं काहीच आमच्या घरात नव्हतं. मी पोहे-खोबऱ्याचा मलिदा सांगितला तर कोणाला माहीतच नाही. चौथ्या आठवड्यात सोडला. आपण अर्धवट ज्यू आहोत की काय असं वाटायला लागलं.

तर प्रश्न असा की आधी हिब्रू शिकू की तोरा, आपला मूळ धर्मग्रंथ, मराठीतून वाचायला घेऊ? आणि तलमूद, म्हणजे जुन्या पंडितांच्या धर्मचर्चांचा ग्रंथ, माझ्यासारखीने उघडावा का, की ते रब्बी, म्हणजे धर्मगुरू लोकांचंच काम?

लोदची_आजी:
अगं बाळा, अर्धवट वगैरे मनातून काढून टाक आधी. आपल्याकडे डेव्हिड रहाबीची गोष्ट सांगतात ना, बाहेरून आलेला ज्यू, आपण ज्यू आहोत का ते बघायला त्याने बायकांपुढे सगळ्या प्रकारची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं, आणि त्यांनी पर आणि खवले असलेली तेवढी निवडून घेतली, बाकीची आम्ही खात नाही म्हणाल्या. हाताशी पुस्तक नव्हतं, रब्बी नव्हता, तरी त्या बायकांना येत होतं. त्याला अर्धवट म्हणशील का?

मी इथे इस्राएलला लहानपणीच आले. १९६२ नंतर आपल्या लोकांची लग्नं अडायला लागली, रब्बी आधी आई-आजीच्या कुळाची चौकशी करा म्हणाले. १९६४ मध्ये आपली माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, मग संसदेने ठरवलं की बेने इस्राएल सर्व बाबतीत ज्यूच आहेत. घरात मोठी माणसं रात्र रात्र त्याबद्दल बोलायची ते मला आठवतं. तेव्हापासून मनात होतं की आपलं आपल्याला नीट सांगता आलं पाहिजे, पण संसार, कारखान्यातली नोकरी, साठी उलटल्यावर वेळ मिळाला.

माझं म्हणणं, अक्षरं आधी. बावीसच आहेत. रोज एक घेतलंस तरी महिन्याच्या आत होतील, वर पाच अक्षरांची शब्दाच्या शेवटी यायची वेगळी रूपं. आणि वहीतले मराठी उच्चार बंद कर, ती कुबडी आहे, मी चार वर्षं वापरली म्हणून सांगते.

दुसरं म्हणजे आजीचे सणांचे शब्द लिहून ठेव. अनशीडाकाचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण. ते नुसते गावठी शब्द नाहीत. अनशी म्हणजे आंबट पाण्याचं मडकं, पेसाहला, म्हणजे इजिप्तमधून सुटकेच्या सणाला, ते झाकून ठेवायचे म्हणून अनशीडाक. आणि पेसाहला जे वर्ज्य ते हामेत्स, आंबलेलं, हिब्रूत आंबटाला हामुत्स म्हणतात, धातू एकच. दारफाळणी म्हणजे किप्पूर, दारं लावून घ्यायचा दिवस. त्या दिवसाची शेवटची प्रार्थना नेईला, तिचा अर्थही दार बंद होणं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

जुने_कागद:
मी ज्यू नाही, पुण्यात इतिहास शिकवायचो, आता निवृत्त. ताई, तुम्हाला वाटतंय की मराठीतून हे शिकायची सोय नाही, पण एकोणिसाव्या शतकात तुमच्या समाजाने ती केली होती. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं, ते मिशनरी होते आणि त्यांचा हेतू वेगळा होता हे खरं, पण शिकणाऱ्यांनी त्यातून स्वतःचा ग्रंथ वाचायला घेतला. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, निघाली. १८७४ ची पुण्याची हग्गादा मिळाली तर जरूर पाहा, त्यातल्या चित्रांत बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. १८८० पासून तर चक्क कीर्तनं व्हायला लागली, हरिकथेच्या धर्तीवर, आख्यान मात्र अब्राहाम, योसेफ यांचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या मोठ्या माणसांना तोरा पोचवायचा तो मार्ग होता, आणि ऐकणारे संसारी लोक, तेली, सुतार, पलटणीतले शिपाई. प्रौढ शिक्षण म्हणजे आणखी काय असतं.

एक व्यावहारिक गोष्ट. तोरा मराठीतून वाचायचा तर बायबलमधला जुना करार सहज मिळतो, उत्पत्ती ते अनुवाद ही पहिली पाच पुस्तकं म्हणजे तोरा. पण पुढचा क्रम वेगळा आहे. ज्यू तानाख, म्हणजे पूर्ण ज्यू बायबल, इतिहासाच्या पुस्तकाने संपतो, ख्रिस्ती बायबलमधला जुना करार मलाखीने. तेवढं भान ठेवून वाचा.

डोंबिवली_हवरुता:
मी आजींशी थोडा असहमत आहे, रागावू नका. अक्षरं येईपर्यंत थांबायचं म्हटलं की वर्ष जातं आणि उत्साह पण. दोन्ही बरोबर चालवा. पुढे मोठा रब्बी झालेला अकिवा चाळिशीपर्यंत निरक्षर होता असं सांगतात, विहिरीपाशी पाण्याच्या थेंबांनी झिजलेला दगड पाहिला आणि मुलाला घेऊन गुरुजींकडे गेला, बाप-लेक एकाच पाटीवर आलेफ-बेत गिरवत बसले. तुमची ५४ काही जास्त नाही.

तलमूदचं सांगतो. ताई, तलमूदचं पहिलं वाक्य काय आहे माहितीये? संध्याकाळचा शेमा कधीपासून म्हणायचा. बस, तिथून सुरू होतो. बेराखोत नावाचं पहिलं प्रकरण. म्हणजे तुम्हाला जे पाठ आहे त्याच्यावरच ते सगळे पंडित भांडतायत, रात्र कधी सुरू होते, उशीर झाला तर चालतो का, कोणाची मुलं लग्नाच्या जेवणाहून उशिरा घरी आली तर त्यांनी काय करायचं. रब्बी लोकांचं काम वगैरे काही नाही. आणि भाचीच्या मुलाचा प्रश्न त्याच प्रकरणात १३ व्या पानाच्या मागच्या बाजूला आहे. मिश्ना, म्हणजे तलमूदचा मूळ गाभा, संकलित करणारे येहुदा हानासी शिष्यांना शिकवत बसलेले असायचे, शेमाची वेळ झाली की चेहऱ्यावरून हात फिरवायचे, तेवढ्या क्षणापुरतं बाकी सगळं बाजूला ठेवून देवाचं राज्य मान्य करायचे. मुलाला हे सांगा.

शेमा लिहिलेला पण बघा एकदा. तोराच्या गुंडाळीत पहिल्या शब्दातला आयिन आणि शेवटच्या शब्दातला दालेत मोठा काढतात, दोन्ही जोडले की एद, म्हणजे साक्षीदार.

रोज एक पान वाचायचा दाफ योमी मात्र आत्ता नको, २७११ पानं आहेत, साडेसात वर्षं लागतात, मध्येच उडी मारली की दमछाक होते. त्यापेक्षा आठवड्याची पाराशा घ्या, तोराचे ५४ भाग आहेत, वर्षभरात पूर्ण होतात आणि सिम्हात तोराच्या सणाला परत पहिल्यापासून. एकट्याने वाचू नका, जोडी पाहिजे, तिलाच हवरुता म्हणतात. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने अडवायचं. मूळ मजकूर आणि इंग्रजी भाषांतर सेफारिया या वेबसाइटवर फुकट आहे, फोनवरही चालतं.

शनिवारतेली_ठाणे:
तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, काय बोलू. भाचीच्या मुलाला फोन करून चेहऱ्यावर हात फिरवायची गोष्ट सांगितली, तो म्हणाला मग मावशीआजी तू पण शिकवताना कर.

आज आजीची लोखंडी पेटी उघडली. खाली दारफाळणीची पांढरी साडी, आणि तिच्या घडीत मराठी-हिब्रू हग्गादा, पहिली काही पानं नाहीत त्यामुळे साल कळत नाही, पण मधल्या पानांवर तेलाचे डाग आहेत आणि कडेला पेन्सिलीने आजीचं अक्षर, "इथे थांबावे". म्हणजे ती वाचत होती. मला वाटायचं तिला सगळं नुसतं पाठ होतं. जुने_कागद, पानांचे फोटो तुम्हाला पाठवू का?

आणि आजी, तुम्ही माझी हवरुता व्हाल का? तुमची अक्षरं पक्की आहेत, माझं मराठी वाचन बरं आहे. गुरुवारी आपल्याकडचे रात्री नऊ. सिम्हात तोराला अजून दीड महिना आहे, तोवर आलेफ-बेत, आणि मग बेरेशीतपासून, म्हणजे उत्पत्तीपासून.

लोदची_आजी:
होईन की. गुरुवार चालेल, पण नऊ नको साडेनऊ, मला आधी शब्बाथची भाजी निवडायची असते. आणि ते "इथे थांबावे" कुठल्या ओळीपाशी लिहिलंय ते बघून ठेव, पहिल्या दिवशी तेच वाचू.